पराटीचा धूर कोण मोजते?

प्रश्न : ताई, यंदा मी पराटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पेटवली नाही. भाड्यानं श्रेडर आणून वावरातच कुट्टी केली. दीर हसतात. म्हणतात, "वहिनी, तिकडं चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॉटचं, त्याच्यापुढं तुमच्या पराटीचा धूर कोण मोजते?" इकडं गावचा कचरा तर पंचायतच ई-क्लासवर, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवर, नेऊन पेटवते. आमचे हे पंचायतीत सदस्य. ग्रामसभेत बोलले तर घरात वाजेल. काय करू?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दिरांचा हिशेब खोटा नाही. चंद्रपूरची चिमणी तुमच्या कुट्टीनं थांबायची नाही. पण कुट्टी काय चंद्रपूरसाठी केली? उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून असते. पराटी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून ठेवली, की पुढच्या हंगामात ती आपल्याच कपाशीवर. 2017 साली तिनं काय केलं, ते दिरांनाही आठवत असेल. कुट्टीनं अळी चिरडते, काडी मातीत कुजते. फक्त फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जास्तीचा कापूस घ्यायच्या, मोहात पडू नका.

मीही धुरे पेटवलेत. एका एप्रिलात सकाळी राखेतून चालताना बोरीच्या बुडाशी तितराची पाच अंडी दिसली, तडकलेली. सालदारानं एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. कोमट होतं अजून. तो काही बोलला नाही. तेव्हापासून धुरा कापून घेते. मजुरी जास्त लागते, खोटं कशाला सांगू!

कचऱ्याचं मात्र एकटीनं होत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे. विषय तिथं काढा. "कोण पेटवते" हे विचारू नका, गावाला ठाऊकच आहे. वित्त आयोगाच्या बंधित निधीतला, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या पैशातला, किती पैसा कचऱ्यावर गेला आणि प्लास्टिक वेगळं कोण उचलणार, एवढंच विचारा. चार जणी सोबत असू द्या. यजमानांना आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवा; सभेत पहिल्यांदा कळलं तर मात्र नक्की वाजेल.

आणि सभा झाल्यावर कोरमसाठी रजिस्टर घरोघरी सहीला फिरते ना, तेव्हा आधी आपला विषय त्यात लिहिलाय का ते बघा, मग पेन हातात घ्या.