सायकलला बसवलेले छोटे इंजिन झाकावे कसे आणि त्याचा आवाज कमी कसा करावा?

सायकलला बसवलेले पेट्रोलचे छोटे इंजिन सहज नजरेत भरू नये आणि त्याचा आवाज गल्लीभर घुमू नये, यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि अशी सायकल सहा वर्षे स्वतः वापरतो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

इंजिन पोलिसांपासून लपवण्याचा विचार असेल, तर आधी त्याची क्षमता तपासावी. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 2(28) नुसार, चारपेक्षा कमी चाकांच्या ज्या वाहनाचे इंजिन 25 सीसीपेक्षा मोठे नाही, ते ‘मोटार वाहन’ या व्याख्येत येत नाही. म्हणजे अशा सायकलचे इंजिन लपवण्याचे कारणच उरत नाही. सायकलसाठी तयार मिळणारी दोन-स्ट्रोक (इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होणारी) किट मात्र बहुधा 48 किंवा 66 सीसीची असतात (66 सीसीचे इंजिन अनेकदा 80 म्हणून विकले जाते), आणि त्यांना नोंदणी, विमा व परवाना हे सारे लागू होते. ते इंजिन कितीही छान झाकले, तरी अपघात झाला की जखमी माणसाला विम्याची भरपाई मिळत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे की 25 सीसीच्या आतले चार-स्ट्रोक (दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होणारे) इंजिन घ्यावे. पाठीवरच्या फवारणी पंपाला किंवा गवत कापण्याच्या यंत्राला असते तसले इंजिन यासाठी चालते. मात्र त्यांतही 35 सीसीची बरीच असतात, तेव्हा इंजिनावरच्या पट्टीवरील सीसीचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

आवाजाच्या दृष्टीनेही चार-स्ट्रोक इंजिनच बरे. मिनिटाला 6000 फेरे होत असताना दोन-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला 100 स्फोट होतात, तर चार-स्ट्रोकमध्ये 50. त्यामुळे त्याचा स्वर एका सप्तकाने खाली येतो, आणि खर्जातला आवाज आपल्या कानाला कमी बोचतो.

सर्वांत मोठा आवाज धुराच्या नळीतून येतो, म्हणून पहिला खर्च तिथेच करावा. अशा इंजिनांबरोबर येणारा सायलेन्सर म्हणजे बहुधा काडेपेटीएवढा डबा असतो. सायलेन्सरचे पोट इंजिनाच्या क्षमतेच्या निदान दहापट, जमल्यास वीसपट असावे. 25 सीसीसाठी म्हणजे पाव ते अर्धा लिटर. मी एका वेल्डरकडून दोन कप्प्यांचा डबा करून घेतला. पहिला कप्पा रिकामा ठेवला, त्यात वायू पसरतो आणि त्याचा जोर मोडतो. दुसऱ्यातून बारीक छिद्रांची नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लास वूल (काचेच्या तंतूंचा कापूस) घट्ट बसवलेले आहे. बाहेरची नळी अरुंद करून आवाज दाबण्याचा मोह टाळावा. धूर कोंडला की इंजिन तापते आणि चढावर ओढ राहत नाही. दोन-स्ट्रोकमध्ये तर धुराच्या नळीची लांबी आणि आकार यांवरच ताकद ठरते, म्हणून मूळ नळीला हात न लावता तिच्या शेवटी वेगळा सायलेन्सर जोडावा.

धुराचा आवाज उतरला की कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) उघड्या तोंडातून येणारी घरघर ऐकू येऊ लागते, आणि मला तीच अधिक त्रासदायक वाटते. एअर फिल्टरभोवती प्लास्टिकचा डबा बसवून त्याला वीतभर लांब नळीतून हवा द्यावी. त्यानंतर इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा रंग पाहावा. तो काळा पडू लागला, तर हवा कमी पडते आहे असे समजून नळी रुंद करावी.

राहिली थरथर. सायकलच्या फ्रेमच्या नळ्या पोकळ आणि पातळ असल्याने त्या इंजिनाची थरथर उचलून वाजू लागतात. इंजिन आणि क्लच एकाच जाड पट्टीवर बसवून, पट्टी आणि फ्रेम यांच्यामध्ये कडक रबरी बुश (थरथर शोषणारे ठोकळे) घालावेत. मऊ रबर घेतले तर इंजिन डुलते आणि चेन उतरते. असे बुश नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहज मिळतात.

आता झाकण्याविषयी. पहिल्या वर्षी मी पत्र्याची बंद पेटी करून इंजिन तिच्यात ठेवले. आवाज कमी झाला, पण चांदणी चौकाच्या चढावर पिस्टन जाम झाला, कारण पंखा पेटीतलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवत होता. त्यामुळे झाकणाला समोरून थंड हवा आत येण्याची वाट आणि मागे तिच्याहून मोठी बाहेर पडण्याची वाट हवीच. आतून फोम लावू नये, तो पेट्रोल शोषतो आणि पेट घेतो. पेट्रोलची टाकीही झाकणाच्या बाहेरच असावी.

दिसण्यासाठी जागा मागच्या चाकाशेजारी, कॅरिअरच्या खाली घ्यावी. ही कल्पना जुनीच आहे: 1952 च्या होंडा कब एफमध्ये इंजिन मागच्या चाकाच्या बाजूलाच होते, आणि 1950 च्या ब्रिटिश सायकलमास्टरमध्ये तर ते चाकाच्या आतच बसवलेले होते. माझ्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना खाकी कॅनव्हासच्या पिशव्या आहेत. डावीकडची पिशवी म्हणजे इंजिनावरचे झाकण आहे, उजवीकडचीत भाजी आणि डबा असतो, त्यामुळे तोलही राहतो. सायलेन्सर आणि कॅनव्हास यांच्यात चार बोटे अंतर व मध्ये पत्र्याचा आडोसा ठेवला आहे.

हे सारे करूनही आवाज जास्त वाटला तर मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) बदलून पाहावे. मी 56 दात्यांचे काढून 44 दात्यांचे बसवले, तेव्हा त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे पाचव्या भागाने घटले. चढावर आता पायडल मारावे लागते, पण सकाळी साडेसहाला वाड्यातून निघताना कुणाची झोपमोड होत नाही.