नळजोडाचे पंच्याऐंशी हजार

प्रश्न : पुण्याजवळ फ्लॅट घेतला. २०२१ मध्ये करारनामा नोंदवला, सगळे हप्ते फेडले, भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आलं. आता चावी मागायला गेलो तर बिल्डर ‘पाणी व ड्रेनेज जोडणी, एकरकमी’ म्हणून ८५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी मागतोय. करारनाम्यात ‘पाणी, वीज व इतर सेवा जोडणीची अनामत, प्रत्यक्ष खर्चानुसार’ एवढंच आहे. इमारतीत ६४ फ्लॅट आहेत. भरावेत की भांडावं?

उत्तर : दोन्ही करा, पण आधी तुमच्या करारनाम्यातला ‘प्रत्यक्ष’ हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. तुमची केस त्या शब्दावर उभी आहे.

जोडणीचे पैसे मागणंच बेकायदा आहे, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) नियमांसोबतच्या नमुना करारनाम्यातही ताब्याच्या वेळी घ्यायच्या रकमांमध्ये पाणी-वीज जोडणीची अनामत आहे. पण त्याच नमुन्यात असंही आहे की अशा रकमांचं वेगळं खातं ठेवायचं आणि ज्यासाठी घेतल्या त्यासाठीच वापरायच्या. १९६३ च्या मोफा (राज्याच्या फ्लॅटविक्रीविषयक) कायद्याचं कलम ५ हेच सांगतं.

आता हिशेब करा. ६४ गुणिले ८५,००० म्हणजे ५४ लाख ४० हजार. पालिकेने खरंच एवढे घेतले असतील तर चलन दाखवायला अडचण काय? आणि ही पालिकेची फी असेल, बिल्डर फक्त तुमच्या वतीने भरत असेल, तर त्यावर जीएसटी कशाचा? हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्याच कामाचं.

‘पालिकेने विकास शुल्क वाढवलं’ असं ऐकवतील. ते वेगळं प्रकरण. विकास शुल्क १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२४-अ खाली बांधकामावर लागतं, नळजोडाशी त्याचा संबंध नाही. शासकीय आकार वाढले म्हणून जादा मागणी करायची झाली तर मागणीपत्रासोबत ती अधिसूचना किंवा आदेश जोडायचा, असं नमुना करारनाम्यात स्पष्ट आहे. तुमच्या करारात ते कलम आहे का, पाहा. आवारातल्या ड्रेनेज लाइनचे पैसे वेगळे मागत असतील तर ते मात्र मान्य करू नका. पाणी व मलनिःसारणाच्या मध्यवर्ती सोयी रेरा कायद्याच्या व्याख्येतच सामायिक भागात येतात, म्हणजे त्या फ्लॅटच्या किमतीत आल्या.

मात्र रुसून ताबा लांबवू नका. रेरा कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, आणि रक्कम देय ठरली तर व्याज तुमच्यावरही चढतं. बिल्डर अडूनच बसला तर ‘हरकत राखून’ असं ईमेलवर कळवून चेकने भरा. रोख एक रुपयाही नको. सोबत तीन गोष्टी मागा : पालिकेची चलनं, जोडणी मंजुरीचं पत्र, आणि प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याचा हिशेब. समांतर पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं काम आहे. पंधरा दिवसांत बिल्डरचं उत्तर नाही आलं तर त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार. फी ५,००० रुपये. शेजाऱ्यांनाही तीच मागणी आली असेल, त्यांची पत्रंही जोडा.

भोगवटा प्रमाणपत्र हातात आहे, हे तुमचं नशीब. समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना ते नसल्यामुळे ५० टक्के जादा पाणी आकार भरावा लागत होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

चावी मिळाली की सामान लावण्याआधी खाली जाऊन पालिकेचा मीटर बघा आणि फोटो काढा. काटा फिरत नसेल आणि टाकी टँकरने भरत असेल, तर तक्रारीचा पहिला परिच्छेद तोच.