ईस्ट बंगालचे चाहते: प्रथा कोणत्या आणि सर्वांत मोठा क्षण कोणता?

नोकरीनिमित्त काही वर्षं कोलकात्यात राहिलो, त्यामुळे ईस्ट बंगाल या तिथल्या फुटबॉल क्लबच्या वेडाची लागण मलाही झाली. तेव्हा उत्तर थोडं लाल-पिवळ्या, म्हणजे ईस्ट बंगालच्या, बाजूला झुकलेलं असेल.

सुरुवात माशापासूनच करावी लागते. ईस्ट बंगालने शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानला हरवलं की चाहत्यांच्या घरी इलिश, म्हणजे हिल्सा मासा, शिजतो. उलट झालं तर समोरच्यांकडे चिंगरी, म्हणजे कोळंबी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या 'बांगाल' कुटुंबांना हा क्लब आपला वाटला आणि पद्मा नदीतला इलिश ही तर त्यांची खास आठवण. पश्चिमेकडचे मूळचे 'घोटी' मोहन बागानचे. क्लब मात्र फाळणीच्या कितीतरी आधीचा, 1920 सालचा. मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने आपला खेळाडू शैलेश बोसला वगळलं, त्यावर त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी संतापून बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह हा क्लब काढला. आपल्याकडे एक नाटक मंडळी फुटून दुसरी निघायची, तसंच.

दुसरी प्रथा 'बार पुजो'. बंगाली नववर्षाला, पोइला बोइशाखला, मैदानावर भटजी बोलावून गोलपोस्टची यथासांग पूजा होते. मोहन बागानही करतं, त्यामुळे देवाची पंचाईतच.

सामन्यांत 13 जुलै 1997 ची फेडरेशन कपची उपांत्य फेरी. सॉल्ट लेक स्टेडियमवर 1 लाख 31 हजारांवर माणसं. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' या खेळाडूंच्या मांडणीचा फार बोलबाला होता. त्यांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला 'चुंगचुंग' म्हणून चिडवलं, आणि बायचुंगने हॅटट्रिक ठोकली. ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला. त्यांचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते, ते काही न बोलता जिंकले असं म्हणायची सोय नाही. ते बोलण्यातही पटाईतच होते.

या वेडाची काळी बाजूही आहे. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात दंगल होऊन 16 प्रेक्षक गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला रक्तदान शिबिरं भरतात.

माझ्या लेखी सर्वांत मोठा क्षण मात्र न झालेल्या सामन्याचा. 18 ऑगस्ट 2024 ची ड्युरंड कपमधली लढत सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली गेली. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरवरील अत्याचार आणि खुनामुळे शहर पेटलेलं होतं. तरी दोन्हीकडचे चाहते स्टेडियमबाहेर जमले, शहरातल्या तिसऱ्या मोठ्या क्लबचे, मोहम्मेडनचेही आले, आणि सगळ्यांनी मिळून न्याय मागितला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोसही तिथे पोहोचला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा देत होते.

जुन्या पिढीतल्या कुणा काकांना विचाराल तर ते 1975 च्या आयएफए शील्ड या स्पर्धेची अंतिम लढत सांगतील: मोहन बागानवर 5-0. त्यांच्याशी वाद घालू नका, पाचही गोल वर्णन करून सांगतील.