ऑपरेशन आत्ताच करायला पाहिजे का?

प्रश्न: ताई, माझं वय २४. मोठी मुलगी ३ वर्षांची, बाळ ५ महिन्यांचं, फक्त अंगावर पितं, पाळी अजून आलेली नाही. सासूबाई म्हणतात एक मुलगी झाली एक मुलगा झाला, आता ऑपरेशन करून मोकळी हो. मला आत्ता ऑपरेशन नको वाटतंय पण लगेच दिवस राहायलाही नकोत. कॉपर टी वर चढते म्हणे, खरं का? मिस्टर म्हणतात पुरुषाने केलं की ताकद जाते, मग पोती कोण उचलणार. ऑपरेशनला त्यांची सही लागते का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर: सहीचं आधी सांगते. नाही लागत. तुमच्या ऑपरेशनला तुमची सही लागते, नवऱ्याची नाही, सासूबाईंची तर नाहीच. आणि तुम्हाला आत्ता नको वाटतंय ना, मग तेवढं कारण पुरे आहे, ऑपरेशन कायमचं असतं, २४ व्या वर्षी दुसऱ्याच्या घाईसाठी करून घ्यायची गोष्ट नाही ती.

मी हे इतकं जीव तोडून सांगते कारण २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरला एका शिबिरात एकाच दिवशी ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, त्यातल्या कितीतरी तरण्या पोरी, लेकरं घरी ठेवून आलेल्या, परत गेल्याच नाहीत. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

आता कॉपर टी. मी नर्स होते तेव्हा घाबरलेल्या बाईच्या तळहातावर आधी ती ठेवायचे. काडेपेटीतल्या काडीपेक्षा आखूड, प्लास्टिकची, दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन दोरे. बायका बोटाने वाकवून बघायच्या, म्हणायच्या एवढीशीच होय! ती काळजापर्यंत वगैरे चढत नाही, गर्भपिशवीतच राहते, क्वचित सरकते किंवा पडून जाते म्हणून पुन्हा दाखवायला बोलावतात. ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते, मधे कधीही काढता येते. सुरुवातीला पाळीत जास्त जातं, तेव्हा रक्त कमी असेल तर आधी तपासून घ्या.

ती नको असेल तर अंतरा इंजेक्शन आहे, तीन महिन्यांनी एकदा. पाळी मागेपुढे होते, कधी येतच नाही, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. छाया गोळीत हार्मोन नसतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट मिळतं.

मिस्टरांना हा अंक वाचायला द्या. पुरुष नसबंदीत फक्त शुक्राणूंची नळी बंद करतात, टाकासुद्धा नसतो, आठवड्याने पोती उचलता येतात. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या शंभर बायकांतल्या जवळपास ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषांचं मात्र हजारात ३. मला याचं फार वाईट वाटतं, सोपं ऑपरेशन पुरुषाचं आणि पोट फाडून घ्यायचं बाईने.

एक मात्र लांबवू नका. बाळ फक्त अंगावर पितं आणि पाळी आली नाही तोवर दिवस राहायची शक्यता कमी, पण ते बाळाच्या सहा महिन्यांपर्यंतच. पुढे पाळी यायच्या आधीही राहू शकतात. तुमच्याकडे महिनाच आहे, आशाताईंना सांगा मला सगळी साधनं दाखवा, आणि केंद्रावर जाताना सासूबाईंना नको, मिस्टरांना घेऊन जा.