हिंदी सिनेमातली मुलं मोठी होताना का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय, की हिंदी सिनेमात लहान मुलं ढिगाने असतात, मग मूल मोठं होताना दाखवणारा सिनेमा चटकन का आठवत नाही?

माझ्या मते सगळा घोळ संकलकाच्या कात्रीत आहे. 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) आठवा. कब्रस्तानात फकीर त्या पोराला हसत जगायला शिकवतो आणि पुढच्याच क्षणी अमिताभ मोटरसायकलवर गात निघालेला असतो. मधली दहा-पंधरा वर्षं गायब! मिसरूड फुटणं, आवाज फाटणं, कुणीतरी आवडायला लागणं, घरच्यांचं म्हणणं पहिल्यांदाच न पटणं, सगळं त्या एका कटमध्ये गडप. 'दीवार'मधला फेकलेले पैसे न उचलणारा बूट पॉलिशवाला पोरगाही तसाच. त्याच्या वाट्याला बालपण नाहीच. मोठेपणीच्या विजयचा राग कुठून आला, एवढं सांगण्यापुरता तो येतो.

मुलांना मध्यभागी ठेवणारे सिनेमे झाले, नाही असं नाही. 'बूट पॉलिश' १९५४चा. 'मासूम' (१९८३) तर 'लकडी की काठी'मुळे अजून गॅदरिंगमध्ये जिवंत आहे. 'सलाम बॉम्बे' (१९८८) मध्ये मीरा नायर यांनी रस्त्यावरच्याच मुलांना घेऊन काम केलं. शेवटी त्यातला चहा पोचवणारा पोरगा, ज्याला सगळे 'चायपाव' म्हणतात, एकटा बसून भोवऱ्याला दोरी गुंडाळतो, ते बघून पोटात कालवतं. 'तारे जमीन पर' मला मध्यंतरापर्यंतच आवडतो, त्यानंतर तो शिक्षकाचा सिनेमा होतो. (शिव्या घालायच्या असतील तर खाली घाला.)

पण तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर एकच: विक्रमादित्य मोटवानेचा 'उडान', २०१०. सिमल्याच्या बोर्डिंगातून काढून टाकलेला सतरा वर्षांचा रोहन जमशेदपूरला घरी येतो. बापाला 'सर' म्हणायचं, सकाळी त्याच्याबरोबर पळायचं, मग त्याच्या कारखान्यात राबायचं आणि इंजिनिअरिंगला जायचं. घरात सहा वर्षांचा एक सावत्र भाऊ आहे, हेही त्याला आल्यावर कळतं. म्हणजे कात्री नेमकं जे कापून टाकायची, तेवढंच या सिनेमात आहे.

मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं ते धाकट्या अर्जुनचं प्रकरण. रोहनला सुरुवातीला तो नकोसाच असतो. पोराला बापाने इतकं मारलेलं असतं, की दवाखान्यात न्यावं लागतं, आणि तिथे त्याच्या उशाशी बसून राहता राहता रोहन बदलतो. कुठे भाषण नाही, शपथ नाही. म्हणून शेवटी तो एकटाच निघून न जाता भावाला न्यायला परत येतो, ते पटतं.

हा सिनेमा मी माझ्या वडिलांबरोबर घरी टीव्हीवर पाहिला. मला वाटलं होतं, मधेच उठून जातील. नाही उठले. शेवटी रोहन पुढे पळतोय आणि बाप मागे धापा टाकत राहतो, तो प्रसंग आला. मी डोळे पुसत होतो. बाबा म्हणाले, "दमला रे तो." आणि पाणी प्यायला आत गेले.