अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीत हत्यार उचलणारा जॉन ब्राऊन एकटाच होता का?

नाही, अजिबात नाही. ब्राऊन हा गोरा माणूस, त्याने हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला तो १८५९ मधे, त्याच्या कितीतरी आधीपासून काळी माणसं स्वतःच्या जिवासाठी बंदूक हातात घेत होती, फक्त त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचत नाहीत आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

चळवळीतला विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या संपादकाचा गट हिंसेच्या पूर्ण विरोधात होता, लोकांची मनं बदलली की गुलामगिरी जाईल असं त्यांचं म्हणणं. पण १८४३ मधे बफेलोला भरलेल्या काळ्या लोकांच्या अधिवेशनात हेन्री हायलंड गार्नेट या काळ्या धर्मोपदेशकाने गुलामांना सरळ सांगितलं की प्रतिकार करा. ते भाषण अधिवेशनाच्या नावाने काढायचा ठराव एका मताने पडला आणि विरोध करणाऱ्यात गुलामीतून पळून आलेला प्रसिद्ध वक्ता फ्रेडरिक डग्लस पण होता!

मग १८५० चा फरार गुलामांचा कायदा आला, म्हणजे उत्तरेत पळून आलेल्यांनाही पकडून मालकाकडे परत द्यायचा कायदा, आणि सगळं बदललं. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष द्यायची परवानगी नाही, ज्युरी नाही, आणि निकाल देणाऱ्या कमिशनरने, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने, त्याला मालकाकडे परत पाठवलं तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५. अशा कोर्टात कोण कशाला न्याय मागायला जाईल सांगा.

गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनियात क्रिस्तियाना नावाचं गाव आहे, तिथे विल्यम पार्कर हा काळा माणूस राहायचा, तो स्वतः मेरीलँडमधल्या गुलामीतून पळून आलेला. त्या भागात माणसं पळवून नेऊन दक्षिणेत विकणाऱ्या टोळ्या होत्या म्हणून त्याने आजूबाजूच्या काळ्या लोकांची एकमेकांच्या रक्षणासाठी संघटना बांधली होती. ११ सप्टेंबर १८५१ ला पहाटे एडवर्ड गोरसच नावाचा मालक मुलाला, काही माणसांना आणि सरकारी मार्शलला (कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याला) घेऊन त्याच्या दारात आला, आपले पळालेले गुलाम परत न्यायला. पार्करची बायको एलायझा वरच्या खिडकीत गेली आणि शिंग फुंकायला लागली, ही आधीच ठरलेली खूण होती. खालून तिच्यावर गोळ्या झाडल्या तर ती खिडकीखाली गुडघ्यावर बसली, शिंग तेवढं खिडकीच्या कडेवर ठेवलं आणि फुंकतच राहिली, भिंती दगडी होत्या म्हणून वाचली. शेजारपाजारचे लोक बंदुका, कोयते, जे हाताला लागलं ते घेऊन धावत आले. मार्शलने परत फिरायला सांगूनही गोरसच हटला नाही आणि त्यात तो मेला, मुलगा जबर जखमी झाला.

पार्कर पळून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला डग्लसच्या घरी गेला. हो, तोच डग्लस ज्याने आठ वर्षांपूर्वी गार्नेटला विरोध केला होता, त्याने पार्कर आणि त्याच्या साथीदारांना स्वतः बोटीवर पोचवून कॅनडाला पाठवलं, आणि निघताना पार्करने गोरसचचं पिस्तूल त्याला दिलं. हा माणूस एवढा बदलला तो कायद्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारने ३० पेक्षा जास्त लोकांवर देशद्रोहाचा खटला भरला. पहिला नंबर कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या शेजाऱ्याचा, त्याचा गुन्हा काय तर मार्शलला मदत करायला नकार दिला. त्याच्या वकिलांमधे गुलामगिरीविरोधी खासदार थॅडियस स्टीव्हन्स होता. ज्युरीने काही मिनिटांतच निर्दोष सांगितलं, मग बाकीचे खटलेही ढासळले आणि गोरसचच्या मृत्यूबद्दल शेवटपर्यंत कुणालाच शिक्षा झाली नाही.