गोव्यानंतर मोझांबिकला चौदा वर्षे का लागली?

प्रश्न : पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, मग त्याच सत्तेखालील मोझांबिकला १९७५ पर्यंत का थांबावे लागले? तेथील लढ्यात गोमंतकीयांचा काही वाटा होता का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : हा फरक लोकांच्या जिद्दीचा नव्हता, शेजाराचा होता. गोव्याला लागून स्वतंत्र भारत होता आणि त्याच्या सैन्याने डिसेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांत प्रश्न निकालात काढला. मोझांबिकच्या शेजारी मात्र दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आताचा झिंबाब्वे) ही गोऱ्यांच्या सत्तेची राज्ये होती आणि पोर्तुगीज तेथे टिकून राहावेत, यातच त्यांचे हित होते. उत्तरेकडचा टांगानिका (आताचा टांझानिया) ९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे गोवामुक्तीच्या दहाच दिवस आधी, स्वतंत्र झाला, तेव्हा कुठे मोझांबिकच्या स्वातंत्र्यवाद्यांना पाय रोवायला जागा मिळाली.

सनदशीर वाट तर बंदच होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९५१ मध्ये वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असे नाव दिले होते. एकदा प्रांत म्हटले की स्वातंत्र्याची मागणी ही फुटीरता ठरते, असा हा कावा. (गोव्याबाबतही हाच युक्तिवाद झाला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.) प्रत्यक्षात या 'प्रांता'तील शेतकऱ्याला सक्तीने कापूस लावावा लागे, तो ठरवून दिलेल्या कंपनीलाच आणि ठरवून दिलेल्या भावानेच विकावा लागे, शिवाय 'शिबालो' नावाची वेठबिगारी होतीच. १६ जून १९६० रोजी उत्तरेतील मुएडा येथे माकोंडे लोक प्रशासकाच्या कचेरीसमोर जमले. बोलणी करायला आत गेलेल्या त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली, जमाव खवळला आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. मृतांच्या आकड्यांत दोन्ही बाजूंची तफावत इतकी मोठी आहे, की एखादा आकडा येथे छापणे योग्य वाटत नाही.

टांगानिकातील दार-एस-सलाममध्ये २५ जून १९६२ रोजी तीन संघटना एकत्र येऊन 'फ्रेलिमो' (मोझांबिक मुक्ती आघाडी) स्थापन झाली आणि २५ सप्टेंबर १९६४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला. तिचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो माँडलाने १९६९ मध्ये टपालाने आलेल्या पुस्तकात दडवलेल्या बाँबने मारले गेले; पुढे नेतृत्व समोरा माशेल या एकेकाळच्या रुग्णपरिचारकाकडे आले. तरीही निर्णायक घाव लिस्बनमध्येच बसला. अंगोला, गिनी (आताचा गिनी-बिसाऊ) आणि मोझांबिक अशा तीन आघाड्यांवर लढून थकलेल्या पोर्तुगीज लष्करातील अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी आपले सरकार उलथवले. ७ सप्टेंबरला झांबियातील लुसाका येथे पोर्तुगाल आणि फ्रेलिमो यांच्यात करार झाला आणि २५ जून १९७५ रोजी, फ्रेलिमोच्या स्थापनेचा दिवस मुद्दाम साधून, माशेल यांनी राजधानीतील माशावा क्रीडांगणावर स्वातंत्र्य घोषित केले.

आता गोमंतकीयांविषयी. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले, त्यामुळे तेथे गोमंतकीयांची ये-जा जुनी. त्यांच्यातील अनेक जण सरकारी नोकरीत, म्हणजे सत्तेच्या बाजूला होते, हेही मान्य करायला हवे. पण गोव्यात जन्मलेले पत्रकार आकीनो द ब्रागांसा फ्रेलिमोचे निकटचे सल्लागार होते आणि १९७४ च्या सत्तांतरानंतर लिस्बनच्या नव्या लष्करी नेत्यांशी संपर्क साधण्याचे नाजूक काम त्यांनी केले. स्वातंत्र्यानंतर राजधानी मापुतो येथील विद्यापीठात ते आफ्रिकाविषयक अभ्यासकेंद्राचे संचालक होते. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळले, तेव्हा त्या विमानात तेही होते.